आपण सगळे एकच, फक्त आमच्यात या

सर्व संप्रदाय एकच आहेत, हे वाक्य आपण कोणत्याही सभेत निर्धास्तपणे उच्चारावे. टाळ्या मिळतात, खर्च काही येत नाही आणि दुसऱ्या दिवशी वागण्यात तसूभरही बदल करावा लागत नाही. मात्र 'एक' म्हणजे नेमके कोणते, हे व्यासपीठावरून सांगण्याची घाई करू नये. सभा संपल्यावर चहाच्या वेळी, ओळखीच्या चार माणसांत, 'तसे पाहिले तर सगळे देव शेवटी आमच्याच देवाची रूपे आहेत' असे हळूच म्हणावे. शेजारी उभे असलेले गृहस्थ त्याच वेळी हेच वाक्य त्यांच्या देवाबद्दल म्हणत असतील. त्यांचे मन मोडू नये, मान डोलवावी.

समोरच्याशी बोलण्यापूर्वी त्याच्या कपाळाकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी. आडवे भस्म असेल तर शैव, उभे गंध असेल तर वैष्णव, एवढे कळले की पुढचे संभाषण ऐकण्याची गरज उरत नाही. गंध आपल्यासारखेच उभे निघाले, तरी लगेच हुरळून जाऊ नये. कांचीपुरमच्या वरदराज मंदिरात वडकलै आणि तेंकलै हे दोन्ही पक्ष वैष्णवच आहेत आणि दोघांचे गंधही उभेच आहे, पण एकाचे टोक नाकावर उतरते, दुसऱ्याचे उतरत नाही. त्यांचे पूजेच्या हक्कांचे खटले इंग्रजांच्या काळापासून चालत आले असून मंदिराच्या हत्तीच्या कपाळावर कोणाचे गंध लावावे, यावरही भांडण झालेले आहे. हत्तीचे मत कोणी विचारले नाही, हे योग्यच झाले.

इतक्या दूर जायचे नसेल, तर घरच्या भिंतीवरची दिनदर्शिका पाहावी. काही वेळा तिच्यात लागोपाठ दोन दिवस एकादशी छापलेली असते, आधी स्मार्त, म्हणजे शिव-विष्णू दोघांनाही भजणाऱ्यांची, मग भागवत, म्हणजे वैष्णवांची. सूर्योदयापूर्वीच्या चार घटका, म्हणजे 96 मिनिटे, हा अरुणोदयाचा काळ. त्या वेळात दशमीचा स्पर्श जरी झाला, तरी वैष्णवांना ती एकादशी विटाळलेली वाटते आणि ते दुसऱ्या दिवशी उपवास करतात. आपण स्मार्त असाल, तर पहिल्या दिवशी खिचडीची ताटली हातात घेऊन शेजाऱ्यांना 'तुमचे अजून उद्याच का?' असे आपुलकीने विचारावे. दुसऱ्या दिवशी आपण पारण्याचा वरणभात जेवत असताना ते आपल्याकडे ज्या करुणेने पाहतील, ती मुकाट्याने सोसावी. दोन्ही घरांत साबुदाणा एकाच वाण्याकडचा असतो, दाण्याचे कूटही सारखेच, हा मुद्दा चर्चेत आणू नये. (दोन्ही दिवस खिचडी खाणारी काही माणसे आहेत. संप्रदायांची एकता आजवर खऱ्या अर्थाने त्यांनाच साधली आहे.)

सहिष्णुतेचे सर्वांत पक्के उदाहरण हवे असेल, तर आपल्या सिंहस्थाकडे बोट दाखवावे. शैव आखाडे त्र्यंबकेश्वरला कुशावर्तावर स्नान करतात आणि वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर. मध्ये पंचवीस-तीस किलोमीटरचे अंतर राखले की बंधुभावाला धक्का लागत नाही. 2015 साली तिसरे शाही स्नान नाशिकला 18 सप्टेंबरला झाले आणि त्र्यंबकला 25 सप्टेंबरला, म्हणजे स्थळाबरोबर मुहूर्ताचीही वाटणी झाली. ही व्यवस्था कोणी समजावून सांगितली नाही ती फक्त गोदावरीला. ती ब्रह्मगिरीवर उगम पावते, शैवांच्या त्र्यंबकातून निघते आणि काही न विचारता वैष्णवांच्या रामकुंडात शिरते.

खरी अडचण संतांची आहे. त्यांच्या तसबिरी लावाव्यात, पुण्यतिथ्या कराव्यात, पण त्यांची गुरुपरंपरा विचारू नये. ज्ञानेश्वरांची विचारली, तर निवृत्तिनाथ, गहिनीनाथ, गोरक्षनाथ, मत्स्येंद्रनाथ असे मागे मागे जात आपण थेट आदिनाथ शंकरापाशी पोहोचतो आणि वारकऱ्यांचे मूळ कैलासावर सापडल्यामुळे पंचाईत होते. त्या निवृत्तिनाथांनी समाधीसाठी जागाही त्र्यंबकेश्वरचीच निवडली, त्यामुळे दर पौष वद्य एकादशीला वैष्णवांच्या दिंड्या टाळ वाजवत शंकराच्या गावात शिरतात. खुद्द पंढरपूरच्या विठोबाने मस्तकावर शिवलिंग धारण केले आहे असे परंपरा सांगते. तेव्हा दर्शन घेताना पायांवरच दृष्टी ठेवावी, वर पाहू नये.

नरहरी सोनाराची कथा तर मुलांना सांगण्यापूर्वी नीट तपासून घ्यावी. हा पंढरपूरचाच कट्टर शैव, विठ्ठलाचे तोंड न पाहणारा. देवासाठी घडवलेला करदोडा कधी सैल, कधी आखूड होऊ लागला, तेव्हा तो डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतः माप घ्यायला गेला. हाताला व्याघ्रचर्म आणि सर्प लागले म्हणून पट्टी काढली, तर समोर विठ्ठल. पुन्हा बांधली, तर पुन्हा शंकर. इथपर्यंत कथा उत्तम आहे. पुढे त्याने पट्टी कायमची काढून टाकली, तो भाग गाळावा. दुसऱ्याच्या देवळात जाताना पट्टी बांधण्याची पद्धत आपण जपलीच आहे, पण नरहरीची चूक पुन्हा होऊ नये म्हणून आता हातही खिशात ठेवावेत.

वर्षातून एक रात्र मात्र फार जपावे लागते. वैकुंठ चतुर्दशीला विष्णूला बेल वाहतात आणि शंकराला तुळस. उज्जैनला तर मध्यरात्री महाकालाची पालखी गोपाळ मंदिरात जाते आणि हरिहरांची भेट होते. अशा रात्री आपण लवकर झोपावे. सकाळी कोणी विषय काढलाच, तर उत्तर तयार असावे: आपला देव गेला असेल, तर तो मोठ्या मनाने गेला, आणि त्यांचा आपल्याकडे आला असेल, तर त्याला यावेच लागले.