आजीचे वाळत घातलेले लुगडे

आज तलावपाळीजवळ आमच्या वाचकगटाची बैठक झाली. घरी येऊन दोन तास उलटले, तरी माझा राग उतरलेला नाही.

चर्चेला होती ‘समुद्राचे मौन’ ही फ्रेंच दीर्घकथा, वेर्कोर या टोपणनावाने लिहिलेली आणि १९४२ साली जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये चोरून छापलेली. घरात लादला गेलेला जर्मन अधिकारी रोज संध्याकाळी शेकोटीशी उभा राहून अतिशय सौजन्याने बोलतो आणि घरधन्याची पुतणी (की भाची, फ्रेंचमध्ये दोघींना एकच शब्द) मान वर न करता विणत राहते. अखेरीस त्याच्यासाठी तिच्या तोंडून एकच शब्द निघतो, निरोपाचा. यावर एक गृहस्थ म्हणाले, “यात शौर्य कुठे आहे? विणकाम हे फार तर प्रतीक झाले.” आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

उद्धट माणसाशी अबोला धरणे सोपे असते. सुसंस्कृत, एकाकी, कदाचित आवडूही लागलेल्या माणसाला रोज रात्री उत्तर नाकारायचे आणि हातातला टाका चुकू द्यायचा नाही, याला शौर्य म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

माझी आजी सातारा जिल्ह्यातली. प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या समांतर सरकारच्या काळात भूमिगत कार्यकर्ते दिवेलागणीला आमच्या परसदारी भाकरीसाठी येत. गावात पोलीस असले की आजी कुंपणावर लुगडे वाळत घाली; ओढ्यापलीकडून ते दिसले की माणसे परत फिरत. त्या लुगड्याला कोणी प्रतीक म्हटले असते, तर आजी हसली असती. ती खूण होती. खूण चुकली तर माणसे पकडली जाणार आणि ओळखली गेली तर आजी.

त्याच लढ्यातल्या हौसाताई पाटील १९४३ मध्ये भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवऱ्याचा मार खाणारी बायको झाल्या. ते लुटुपुटीचे भांडण पाहण्यात पोलीस गुंतले आणि साथीदारांनी ठाण्यातल्या बंदुका लांबवल्या. बाईला मार बसणे ही इतकी रोजची गोष्ट, की त्यात डाव असेल असा संशय कोणाला येणार? लुगड्याचेही तेच आणि विणकामाचेही तेच. पुढे हिशेब मांडणारेही याच नजरेने पाहतात. फ्रान्सच्या मुक्तिलढ्यासाठी त्याचे नेते जनरल द गॉल यांनी स्थापलेला सर्वोच्च सन्मान १,०३८ व्यक्तींना मिळाला; त्यांत स्त्रिया ६.

कथेत त्या मुलीला लेखकाने नावसुद्धा दिलेले नाही आणि पुरुष लेखकांना मुकी नायिका सोयीची वाटते, हा बैठकीतल्या एका मुलीचा आक्षेप मला मान्य करावा लागतो. पण तो आक्षेप लेखकावर आहे, तिच्या धैर्यावर नाही.

रात्री आईला फोन केला. रागाच्या भरात सगळे सांगितले आणि सहज विचारले, लुगडे कोणत्या रंगाचे होते गं? आई म्हणाली, “रंग कुठला आठवायला! दोनच तर होती तिच्याकडे. एक कुंपणावर अडकले की पोलीस हलेपर्यंत अंगावरचे बदलता येत नसे. एकदा पावसात चार दिवस तिने ओल्यातच काढले, आणि घरात सांगितले की दुसरे अजून वाळले नाही.”