केळीपट्ट्यात मॉरिशस कसं विकावं

जळगावच्या केळीपट्ट्यात, रावेर-यावलकडे अर्थशास्त्रावर व्याख्यानं द्यायचीत? खुशाल द्या. भांडवल काही लागत नाही. परवाच आमच्याकडे मंगल कार्यालयात एक साहेब 'छोट्या बेटांकडून काय शिकावं' हे शिकवून गेले. बाहेर मे महिना, आत वीज गेलेली, समोर सगळे केळीवाले. साहेबांचं कसब पाहून तुमच्यासाठी काही टिपून ठेवलंय.

बेट असं निवडा की जिथं सभागृहातलं कुणी गेलेलं नाही. सिंगापूर टाळा, तिथं कुणाचा तरी भाचा असतोच. नाउरू झकास. प्रशांत महासागरातला २१ चौरस किलोमीटरचा देश, फॉस्फेटवर श्रीमंत झाला, 'फुकट वाटलं आणि बुडाला' म्हणायचं आणि कर्जमाफीकडे वळायचं. उधळपट्टी झाली हे खरंच आहे. पण १९६८ साली स्वातंत्र्य मिळण्याआधी तिथलं फॉस्फेट ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतांसाठी कवडीमोलानं उपसलं गेलं, नाउरूनं त्यावरून ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं आणि १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियानं तडजोड करून पैसे मोजले, असली माहिती कशाला? रंगाचा बेरंग होतो.

दरडोई उत्पन्न जरूर सांगा, हॉटेलचा नफा कुठल्या देशात जातो ते मात्र नको.

गुणक, म्हणजे सरकारनं खर्चलेल्या रुपयाचं हातोहात फिरून किती पट उत्पन्न होतं ते, शिकवताना आयात विसरा. माणूस वाढीव रुपयातले ८० पैसे खर्च करतो, म्हणून सरकारच्या १०० रुपयांचे ५०० होतात; टाळ्या. आता मालदीवसारख्या ठिकाणी तांदूळ, डिझेल, सिमेंट सगळं बोटीनं येतं. त्या ८० पैशांतले ६० आयातीवर गेले तर त्याच १०० चे होतात १२५. फुटक्या पाटानं पाणी सोडलं तर शेवटच्या वाफ्यात काय पोचणार? हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं, पण साहेबांनी बहुधा गाईड वाचलं असावं.

प्रश्नोत्तरांच्या वेळी चहा आणायला सांगा.

आणि हुकमी एक्का म्हणजे मॉरिशस! साहेब म्हणाले, 'मॉरिशसनं कुणापुढे हात पसरला नाही. तुम्ही मात्र हमीभाव मागता.' हे वाक्य पाठच करा, टाळ्या हमखास. फक्त मॉरिशसनं नेमकं काय केलं ते शोधायला जाऊ नका. १९६१ मध्ये जेम्स मीड या अर्थतज्ज्ञानं या बेटाचं भवितव्य काळवंडलेलं सांगितलं. त्यांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं आणि बेटानं त्यांचं भाकीत खोटं पाडलं. कसं पाडलं? १९७० मध्ये निर्यातीसाठी खास कारखाने उभे करायला सुरुवात केली, हे एक. दुसरं, १९७५ पासून युरोप त्यांची वर्षाला जवळजवळ ५ लाख टन साखर ठरलेल्या दरानं घेत होता, आणि तो दर बहुतेक वर्षं जागतिक बाजाराच्या वरच असे. उसातला तोच पैसा पुढे कापडगिरण्यांत आणि हॉटेलांत गेला. ठरलेला दर, ठरलेलं गिऱ्हाईक, वर्षानुवर्षं. याला हमीभाव नाही तर काय म्हणायचं भो? मॉरिशसनं घेतला तर चमत्कार, रावेरनं मागितला तर भीक!

केळीचं तर साहेबांनी नावच काढलं नाही. समोर सगळे केळीवाले असून! सेंट लुसिया, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट, ही कॅरिबियन बेटं डोंगरउतारावर केळी पिकवून ब्रिटनला विकायची, युरोपनं दिलेल्या आयात-सवलतीवर. १९९६ मध्ये अमेरिका, इक्वेडोर आणि आणखी तीन देश त्या सवलतीविरुद्ध जिनिव्याला जागतिक व्यापार संघटनेत गेले, पुढच्या वर्षी निकाल सवलतीच्या विरोधात लागला आणि हळूहळू हजारो शेतकऱ्यांनी केळी सोडली. आळशी होते का ते? भाव जिनिव्यात ठरत होता, बागेत नाही. आमच्याकडे भावाची बोली मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरला लागते आणि इकडे कापायला आलेला घड झाडावर तसाच राहतो. तुमच्याच शास्त्रात लिहिलंय ना, छोटा विक्रेता भाव ठरवत नाही, मिळेल तो घेतो?

साहेब, आता सरळच बोलतो. बेटांकडून शिकायचंच होतं तर विमा शिकवायचा. २०१७ मध्ये मारिया वादळानं डॉमिनिकाचं नुकसान केलं ते देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त, २२६ टक्के. कॅरिबियन देशांनी २००७ मध्येच मिळून विमा उभा केला होता. वारा-पाऊस मोजायचा, आकडा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की १४ दिवसांत पैसे. डॉमिनिकाला सुमारे १.९ कोटी डॉलर मिळाले. नुकसानीपुढे चिमूटभरच, पण आले, वेळेत आले.

आमचाही विमा हवामानावरच आहे. हप्ता खात्यातून वेळेवर कापला जातो. उन्हानं बाग करपली तर हवामान केंद्रावर ठरलेल्या तापमानाचे सलग दिवस भरले नाहीत म्हणतात, भरले तर रक्कम 'प्रक्रियेत' असते. कंपनी कृषी कार्यालयाकडे बोट दाखवते, कार्यालय कंपनीकडे. यावर तासाभरात एक शब्द नाही, आणि आम्हाला सांगता मेहनत करा? पहाटे दोनला वीज येते म्हणून मोटर सुरू करायला जाणाऱ्या माणसाला? लाज वाटायला हवी. तुमचं मानधन मात्र त्याच संध्याकाळी पाकिटात मिळालं ना? ते नव्हतं कुणी प्रक्रियेत ठेवलं.