पावसाळ्यात ताजी सुरमई कुठून येणार?

'मालवण-तारकर्लीत बारा महिने ताजी सुरमई मिळते' हे मालवणच्या मासळीवरच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते आणि दर्याही खवळलेला. तेव्हा थाळीत येणारी सुरमई बहुधा बर्फातली, नाहीतर थेट पूर्व किनाऱ्यावरची, कारण तिकडची बंदी १४ जूनलाच संपते. खायला हरकत नाही, पण तिला ताजी म्हणून दर लावू नये!

आम्ही मालवणचेच. पावसात आमच्या घरी सुरमईचं नावही निघत नाही. खाडीतल्या कुर्ल्या (खेकडे), तिसऱ्या (शिंपल्या), पावसाच्या पाण्यात वर चढून येणारे चढणीचे मासे, आणि काहीच नसेल तर सुका बांगडा निखाऱ्यावर भाजून पेजेबरोबर. पर्यटकांना हे कोणी सांगतच नाही. खाणावळीत शिरल्यावर मेन्यूकार्ड मागण्याआधी 'आज काय आलंय?' विचारा. मालकीणबाई 'सुरमई नाही, पेडवे आहेत' म्हणाली तर खुशाल बसा. सुरमई, पापलेट, हलवा, कोळंबी सगळंच रोज असतं म्हणणाऱ्याचा फ्रीजर मोठा असणार. पेडवे, मोरी (छोटा शार्क), बांगडा यांना लेखात एक ओळही नाही, याचं मात्र खरंच वाईट वाटलं. मोरीचं मटण खाल्ल्याशिवाय मालवण सोडणारे लोक बघून जीव तुटतो. आणि हो, संध्याकाळी बंदरावर लिलाव बघायला जरूर जा, फक्त बायका बोली लावत असताना मध्ये उभं राहून सेल्फी काढू नका, शिव्या खाल.