घरात इंग्रजी बोला म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

आमच्या बालवाडीच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. मूल इंग्रजी माध्यमात जाणार असेल तर घरी इंग्रजीतच बोला. दोन भाषांनी मूल गोंधळतं आणि उशिरा बोलतं. मोबाईलवर इंग्रजी राइम्स लावून ठेवा, कानावर पडून भाषा येते. तीन वर्षांचं होईपर्यंत अक्षरं गिरवून घ्या. तो वाचून एका आईने सासूबाईंना सांगितलं, नातवाशी मराठीत बोलू नका. त्या आजी आता त्याच्याशी फारसं बोलतच नाहीत. म्हणून हे लिहिते आहे.

आधी घरच्या इंग्रजीचं. ज्यांची रोजची भाषाच इंग्रजी आहे त्यांनी ती जरूर बोलावी. मी आपल्यासारख्या घरांबद्दल बोलते आहे. मेथीची जुडी घ्या आणि अडीच वर्षांच्या मुलाला शेजारी बसवा. "हे पान कोवळं आहे. हे पिवळं पडलंय, टाकून दे. हा देठ बघ किती जून, मोडतच नाही. माती लागलीय ना? काल तू चिखलात पाय घातलास, तशीच." पाच मिनिटांत कोवळं, जून, देठ, जुडी आणि वर कालची आठवण. तीच आई ओढूनताणून इंग्रजी बोलू लागली की गाडी "गिव्ह मी", "नो", "सिट डाउन", "गुड बॉय" यावर अडते. मुलाच्या वाट्याला नुसते हुकूम येतात. कारण सांगणं, चिडवणं, समजूत काढणं, हे सगळं आपल्याला आपल्या भाषेत येतं. देठ म्हणजे काय हे ज्याला हाताने कळलंय, त्याला शाळेत फक्त 'स्टेम' हे नवं नाव शिकावं लागतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा, शक्य असेल तिथे, किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच सांगतं.

दोन भाषांनी गोंधळ होतो, हा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो. सोलापुरात पद्मशाली घरांतली मुलं घरी तेलुगू आणि गल्लीत मराठी बोलत पिढ्यान्‌पिढ्या मोठी झाली आहेत. मूल "आई, मला वॉटर दे" म्हणतं तेव्हा वाक्याची बांधणी पक्की मराठी असते. जो शब्द आधी सापडला तो त्याने वापरला, इतकंच. त्याचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा.

खरोखर उशीर होत असेल तर भाषा बंद करून काही होत नाही. माझ्या वर्गात एक मुलगा होता. "दोन भाषांमुळे होतंय, मराठी बंद करा" असं कुणीतरी सांगितलं आणि घरच्यांचे आठ महिने त्यात गेले. शेवटी तपासणीत निघालं की कानाच्या पडद्यामागे पाणी साचत होतं. दीड वर्षाचं मूल एकही अर्थाचा शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ऐकण्याची तपासणी करून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी असते. तिथे हे आवर्जून सांगा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीच आहे.

मोबाईलबद्दल थोडक्यात. २००३ साली अमेरिकेत पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने नऊ महिन्यांच्या बाळांना १२ वेळा मँडरिन चिनी ऐकवली. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून जी ऐकली, त्या बाळांना तिचे ध्वनी वेगळे ओळखता आले. व्हिडिओवर पाहणाऱ्यांना काहीही आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांचं होईपर्यंत स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

राहिलं गिरवणं. तीन वर्षांच्या मुलाची बोटं अजून तयार नसतात. त्यांना वाटाणे सोलू द्या, कणकेचा गोळा द्या. वाचनाची तयारी आधी कानाने होते. चार वर्षांच्या मुलाला विचारा, स्वयंपाकघरात 'क'ने सुरू होणारं काय काय आहे? कढई, कांदा, किसणी, कुकर. बघा, पाटी न घेता बाराखडीतली चार अक्षरं कानावरून गेली. थोडं मोठं झालं की गावांच्या भेंड्या: नाशिक, कराड, डहाणू. पुस्तकं हवी असतील तर स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रगोष्टी फुकट मिळतात. वाचता येत नसेल त्यांनी चित्रावर बोट ठेवून गोष्ट सांगावी, तेही चालतं.

त्या आजींना मी येत्या शनिवारी वर्गात गोष्ट सांगायला बोलावलं आहे. सूनबाईंनाही.