‘शून्यावर आणा, शेवाळ संपवा’: त्या फॉरवर्डला उत्तर

मरीन टँकवाल्यांच्या, म्हणजे घरी खाऱ्या पाण्यात मासे आणि प्रवाळ पाळणाऱ्यांच्या, ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. ‘रीफ टँकमधलं हट्टी शेवाळ 15 दिवसांत कायमचं घालवा’, आणि खाली हिरव्या टिकमार्कांची रांग. मजकूर थोडक्यात असा: नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणा, शेवाळ उपाशी मरेल. तीन दिवस लाइट बंद ठेवा. तरी राहिलं तर लिटरमागे 20 मिलिग्रॅम फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं औषध) टाका, जोडीला रोज पेरॉक्साइड. एक टँग मासा सोडा. पाणी घरच्या आरओचं चालतं. आणि कोकणातून समुद्राचं पाणी व ‘लाइव्ह रॉक’, म्हणजे जीव चिकटलेला समुद्रातला दगड, आणता आला तर सोन्याहून पिवळं.

यातलं पहिलं सूत्र मी स्वतः चार महिने इमानेइतबारे पाळलं होतं. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

‘नायट्रेट-फॉस्फेट शून्य करा’

शेवाळ नायट्रेट-फॉस्फेटवर वाढतं हे खरंच आहे. घोटाळा होतो तो टेस्ट किटचा आकडा वाचताना. किट शिल्लक सांगतं, आवक नाही. पगार आला त्याच दिवशी हप्त्यांत गेला तर पासबुकात शून्य दिसतं. म्हणून पगारच झाला नाही असं कुणी म्हणत नाही. टाकीभर शेवाळ असेल तर पाण्यात आलेलं फॉस्फेट तेच आधी उचलतं, आणि आपण 0.00 बघून ग्रुपवर विचारतो, ‘पॅरामीटर परफेक्ट आहेत, मग हे वाढतंय कशावर?’

आवक किती असते त्याचा हिशेब करून बघा. कोरड्या फ्लेक खाद्यात फॉस्फरस साधारण 1 टक्का धरा. 1 ग्रॅम खाद्यात 10 मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे फॉस्फेट म्हणून मोजलं तर सुमारे 30 मिलिग्रॅम. माझी टाकी 300 लिटरची. एका ग्रॅममागे 0.1 पीपीएम (लिटरला 0.1 मिलिग्रॅम) झाले. बहुतेक रीफवाले फॉस्फेट 0.03 ते 0.1 च्या दरम्यान ठेवायची धडपड करतात, आणि तेवढं सगळं एका दिवसाच्या ग्रॅमभर खाण्यातून आत येतं. थोडं माशांच्या अंगी लागतं, थोडं स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) ओढतो, उरलेलं ज्याच्या हाती आधी लागेल त्याचं.

त्यात खडकांची वेगळीच तऱ्हा. अ‍ॅरागोनाइटचे, म्हणजे चुन्याच्या खनिजाचे, खडक फॉस्फेट धरून ठेवतात आणि पाण्यातलं कमी झालं की परत सोडतात. नवा जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) घातल्यावर आकडा पडतो आणि आठवड्याभरात पुन्हा चढतो, तेव्हा दुकानदाराने नकली माल दिला असं वाटतं. बऱ्याचदा तो बिचारा निर्दोष असतो.

मी जीएफओ दुप्पट केला, खाणं निम्म्यावर आणलं. केसाळ हिरवं शेवाळ खरंच विरळ झालं, मी खूश. पुढच्या महिन्यात वाळूवर तपकिरी, शेंबडासारखा थर आला, त्यात हवेचे बारीक बुडबुडे. सकाळी विरळ, दुपारी लाइटखाली पुन्हा गच्च. टर्बो गोगलगाई एकेक करून उलट्या पडू लागल्या. डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय सूक्ष्म जीव. आगीतून फुफाट्यात. पोषण संपलं की त्यांच्याशी जागेसाठी भांडणारी साधी शेवाळं आणि जिवाणू आधी खचतात. डायनोंतले बरेच जण प्रकाशावरही जगतात आणि जिवाणू खाऊनही, त्यामुळे मोकळं मैदान त्यांना मिळतं. शिवाय प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला जेवू घालणारे सोबती जातीने डायनोफ्लॅजेलेटच, आणि त्यांनाही नायट्रोजन-फॉस्फरस लागतो. माझे लेदर आणि झोअँथस हे प्रवाळ फिके पडले ते त्याच उपासमारीने.

सुटका झाली ती उलट्या वाटेने. सोडियम नायट्रेट घालून नायट्रेट 5 ते 10 वर नेलं, फॉस्फेट 0.1 च्या जवळ, आणि जोडीला यूव्ही, म्हणजे पाणी अतिनील दिव्याजवळून फिरवणारं यंत्र. यूव्ही चालला कारण माझ्याकडचे डायनो ऑस्ट्रिऑप्सिस प्रकारचे होते. ते रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगतात. अ‍ॅम्फिडिनियम असते तर ते वाळूतच बसून राहिले असते आणि यूव्हीचं फक्त वीजबिल आलं असतं.

आवक थांबवता येत नसेल तर ती आपल्या सोयीच्या जागी वळवता येते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये वॉल्टर अ‍ॅडी यांनी 1980 च्या आसपास नेमकं हेच केलं: जाळीवर भरपूर प्रकाशात शेवाळ मुद्दाम वाढवायचं आणि खरवडून बाहेर फेकायचं. आज सम्पमध्ये (मुख्य टाकीच्या जोडटाकीत) कीटोमॉर्फा शेवाळाचा गोळा ठेवणारे त्याच वाटेवर आहेत. आपण बाहेर काढलेल्या प्रत्येक मुठीबरोबर फॉस्फेटही बाहेर जातं.

‘तीन दिवस अंधार’

सायनोवर (सायनोबॅक्टेरियाच्या थरावर) आणि काही डायनोंवर थोडे दिवस उतारा पडतो. केसाळ शेवाळाची मुळासारखी पकड खडकाच्या भोकांत असते. ते तीन दिवसांत मरत नाही, मलूल होतं. त्या काळात ते ऑक्सिजन बनवत नाही, उलट खातं. अंधार करायचाच तर पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा.

‘फ्लुकोनाझोल, लिटरमागे 20 मिलिग्रॅम’

हा मुद्दा वाचून मी खुर्चीतून उठलो. अमेरिकेतले हौशी लोक जो डोस सांगतात तो 20 मिलिग्रॅम दर गॅलनला. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा, म्हणजे लिटरला 5 मिलिग्रॅमच्या आसपास. भाषांतर करणाऱ्याने गॅलनच्या जागी लिटर लिहिलं आणि डोस जवळजवळ चौपट झाला. 300 लिटरला 150 मिलिग्रॅमच्या 10 गोळ्या पुरतात, तिथे हा मेसेज 40 टाकायला लावतो. शिवाय औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं.

ते चालतं कुणावर? ब्रायॉप्सिसवर, म्हणजे पिसासारख्या पानांच्या हिरव्या शेवाळावर, आणि पुष्कळदा डर्बेसिया या केसाळ शेवाळावर. सायनोवर नाही, डायनोवर नाही. सायनो तर शेवाळच नव्हे, तो जिवाणू. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार. आधी ओळख पटवा. तपकिरी थर बाटलीत घेऊन जोरात हलवा, टिश्यू पेपरमधून गाळा, गाळलेलं पाणी तासभर लाइटखाली ठेवा. पुन्हा धागे-गोळे जमले तर डायनोचा संशय पक्का धरा. शाळेतला 400 पट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप मिळाला तर वादच मिटतो.

आणि औषध लागू पडलं तरी मेलेलं शेवाळ कुजून सगळं फॉस्फेट पाण्यात परत देतं. आधी हाताने उपटा, खडक बादलीत घेऊन टूथब्रशने घासा, मग औषध.

‘रोज पेरॉक्साइड’

इथेही तीच परदेशी मापं. तिकडचा डोस 3 टक्क्यांच्या बाटलीसाठी असतो. आपल्याकडे केमिस्ट देतो ती बाटली बहुधा ‘20 व्हॉल्यूम’ची, म्हणजे साधारण 6 टक्के. लेबल न वाचता मिलिलिटर मोजले की डोस दुप्पट. पहिला फटका क्लीनर श्रिंपला बसतो. मी पेरॉक्साइड वापरतो, पण खडक पाण्याबाहेर काढून, डागावर ड्रॉपरने, आणि टाकीच्या पाण्यात धुऊन परत.

‘एक टँग सोडा’

चरणाऱ्यांचं महत्त्व मी कमी लेखत नाही, उलट मेसेजपेक्षा जास्तच मानतो. 1983-84 साली कॅरिबियन समुद्रात डायडेमा नावाची लांब काट्यांची समुद्री साळ रोगाने मेली, 90 टक्क्यांहून जास्त. जमैकात शाकाहारी मासे आधीच पकडून संपत आले होते, 1980 च्या वादळाने प्रवाळ मोडले होते; खडक खरवडणारी ही शेवटची फौज गेली आणि शेवाळाने सगळं व्यापलं. तिथे 1970 च्या दशकाच्या शेवटी निम्म्याहून जास्त तळावर प्रवाळ होतं, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 5 टक्क्यांहून कमी.

पण यलो टँग 20 सेंटिमीटरपर्यंत वाढतो, दोन-अडीच फुटी टाकीत त्याला कोंडणं हा छळ आहे. ब्रायॉप्सिसला तो सहसा तोंड लावत नाही. जे खातो ते विष्ठेतून पाण्यातच येतं, त्यामुळे स्किमर आणि सायफन सुटत नाहीत. लहान टाकीला टर्बो, ट्रोकस या गोगलगाई आणि एखादा लॉनमोअर ब्लेनी मासा पुरतो.

‘घरच्या आरओचं पाणी चालतं’

घरच्या अनेक आरओंत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी गाळलेल्यात परत मिसळतो. पिणाऱ्याला ठीक, पण नायट्रेट आणि सिलिकेटही मागच्या दाराने आत येतात. टीडीएस मीटर लावा. 40-50 दिसले तर ते पाणी टाकीसाठी नाही. डीआय (उरलेले क्षार काढणारं) काडतूस जोडून शून्यावर आणा. त्या मेसेजमधला शून्य फक्त इथेच कामाचा.

‘कोकणातून पाणी आणि लाइव्ह रॉक’

कठीण प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मालवणला तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथला प्रवाळ चिकटलेला दगड पिशवीत घालून एसटीत बसलात तर प्रकरण दंडावर भागत नाही.

पाण्याचं म्हणाल, तर मुंबईच्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाण्याबरोबर नायट्रेट-फॉस्फेट येतंच, आणि पावसाळ्यात खाड्यांच्या तोंडाशी खारटपणा खाली येतो. हा मेसेज पाठवणाऱ्या एका काकांनी गेल्या वर्षी जुलैमध्ये चार कॅन भरून आणले होते. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्रावर, हजारी 22 दिसलं. टाकीला 35 लागतं.