काका, नळ-टाकीचं गणित तुम्हीच शिकवलं होतंत

ज्या काकांनी मला नळ आणि टाकीची गणितं शिकवली, त्यांनीच परवा रात्री तो फॉरवर्ड घरच्या ग्रुपवर टाकला. खाली स्वतःची एक ओळ: "पटतंय. विरोधाच्या पत्रावर मी सही करतोय." एरवी असलं काही आलं की मी अंगठ्याने वर ढकलून मोकळा होतो. पण काकांची सही झाली की पाठोपाठ घरातल्या आणखी सहा जणांच्या होतात, कारण 'मास्तरांनी वाचूनच पाठवलं असेल'. म्हणून हा खटाटोप.

फॉरवर्डचं म्हणणं असं: हवामान बदलाच्या नावाखाली शेजारशेजारच्या गावांनी आणि शहरांनी एकत्र योजना आखणं ही फसवणूक आहे. कारणं पाच. एक, ही नवी परकी टूम आहे, पूर्वी असलं काही नव्हतं. दोन, गावाची स्वायत्तता जाते. तीन, प्रत्येकाने आपापली पूरभिंत उंच करावी, शेजाऱ्याचं शेजारी बघेल. चार, वरच्या गावांनी खालच्यांसाठी जमीन आणि पैसा का द्यायचा? पाच, अशा समित्या म्हणजे नुसत्या बैठका आणि भत्ते.

क्रमाने घेत नाही. तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे चार मुद्दे चुकले तर वाद होतील, पण तिसरा कुणी अमलात आणला तर माणसं मरतील.

पूर आला की नदी काठाबाहेर पसरते. ती पसरण्याची जागा म्हणजे पुराची टाकी. पाणी तिथे काही तास, कधी दोन-तीन दिवस थांबतं, म्हणून खाली पोचणारा लोंढा बुटका होऊन आणि रेंगाळत पोचतो. आता मधल्या गावाने काठाला लागून भिंत घातली. टाकीचा तेवढा भाग गेला. वरून येणारा नळ मात्र तितकाच. मग ते पाणी जाणार कुठे, काका? थोडं समोरच्या काठावर चढेल. थोडं खालच्या गावात पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त उंचीने घुसेल. आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल ते म्हणजे, पात्र अरुंद झाल्यामुळे थोडं मागे तुंबून वरच्या गावातही चढेल. खालचं गाव काय स्वस्थ बसेल? तेही भिंत घालेल, तुमच्याहून हातभर उंच. मग समोरचा काठ. मग पुन्हा तुम्ही. प्रत्येक फेरीत खर्च सगळ्यांचा आणि टाकी आणखी लहान. त्यात भिंतीच्या भरवशावर लोक थेट तिच्या पायथ्याशी घरं बांधतात, आणि ती फुटते तेव्हा पाणी चढत येत नाही, कोसळत येतं.

शिवाय नळही आता पूर्वीचा राहिलेला नाही. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. म्हणजे कोसळणारा पाऊस आणखी जोरात कोसळू शकतो. टाकी लहान करायला याहून वाईट वेळ कुठली असेल?

हे कागदावरचं वाटत असेल तर अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ग्रेट मायामी नदीकडे बघा. (नावावरून फसू नका. फ्लोरिडातलं मायामी शहर वेगळं, ते पुढे येईल.) मार्च १९१३ मध्ये या खोऱ्यात काही दिवस सतत पाऊस पडला आणि डेटन शहराचे बांध फुटले. खोऱ्यात ३६० हून जास्त माणसं गेली. लोकांनी वर्गणी काढली आणि आर्थर मॉर्गन या अभियंत्याला बोलावलं. डेटनला हवं होतं ते फॉरवर्डमध्ये आहे तेच: आमच्या शहरापुरतं बघा. मॉर्गनने हिशेब केला आणि सांगितलं की शहरापुरतं काम भागणार नाही, सगळं खोरं एकत्र धरावं लागेल. त्यासाठी १९१४ मध्ये राज्यात नवा कायदा करावा लागला आणि १९१५ मध्ये 'मायामी कन्झर्व्हन्सी डिस्ट्रिक्ट', म्हणजे सगळ्या खोऱ्याचं मिळून एक पूर-मंडळ, उभं राहिलं. १९२२ पर्यंत पाच मातीची धरणं बांधून झाली.

ती धरणं एकदा समजून घ्यावीत अशी आहेत. त्यांच्यामागे एरवी पाणीच नसतं. नदी धरणाच्या पोटातल्या काँक्रीटच्या मोरीतून वर्षभर वाहत राहते. मोरीला दरवाजा नाही, चाक नाही, रात्री उठून ते फिरवणारा माणूस नाही. मोरीचं तोंडच इतकं ठेवलंय की खालच्या शहरांतल्या पात्राला झेपेल तेवढंच पाणी बाहेर पडावं. जास्त आलं की मागच्या शेतांत आपोआप साठतं आणि पूर ओसरला की हळूहळू निघून जातं. बाकी वर्षभर तिथे शेती आणि बागा. १९१३ च्या पुरापेक्षा ४० टक्के जास्त पाणी धरून हे आखलेलं आहे. आजवर या धरणांनी दोन हजारांहून जास्त वेळा पाणी अडवलंय. डेटनमध्ये १९१३ पुन्हा झालेलं नाही. काका, बाहेर सोडणाऱ्या नळाचं तोंड ठरवा आणि टाकी मोठी ठेवा. तुमचंच गणित आहे हे.

आता चौथा मुद्दा, वरच्यांनी का सोसायचं? यात तथ्य आहे, आणि मला ते नाइलाजाने मान्य करावं लागतंय. मायामीच्या खोऱ्यातही वरच्या भागातल्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला होता. डेटन वाचवायला आमची शेतं बुडवता, हा त्यांचा सवाल मूर्खपणाचा नव्हता. ऑसबॉर्न नावाचं गाव एका धरणाच्या मागे साठणाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात येत होतं. तिथली सुमारे ४०० घरं जोत्यांवरून उचलून दोन-तीन मैलांवर नेऊन ठेवली. अख्खी घरं! फोटोत ती रस्त्यावरून सरकताना दिसतात. कुणाचं तरी गाव हललं, हे खरंच आहे.

पण फॉरवर्ड सोयीस्करपणे इथेच थांबतो. या कामाला केंद्राचा पैसा नव्हता आणि राज्याचाही नव्हता. ज्या मालमत्तेला पुरापासून वाचण्याचा जितका फायदा, तितकी तिच्यावर आकारणी. म्हणजे खर्चाचा भार वाचणाऱ्यांवर, मुख्यतः खालच्या शहरांवर. धरणांमागची बरीचशी जमीन डिस्ट्रिक्टने विकत घेतली आणि 'इथे पाणी साठवण्याचा हक्क आमचा' ही अट घालून नंतर शेतीसाठी पुन्हा विकली. आणि हे सगळं एकत्र बसूनच ठरलं. आपापल्या भिंतीच्या राज्यात वरच्यालाही भरपाई नसते आणि खालच्यालाही. जो बुडतो तो बुडतो.

दुसरा मुद्दा, स्वायत्तता. इथे फ्लोरिडा. तिथल्या आग्नेय किनाऱ्यावरच्या काउंट्यांचे (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) प्रतिनिधी २००९ च्या सुमारास वॉशिंग्टनला मदत मागायला गेले, तर समुद्र किती वाढणार याचे प्रत्येकाकडे वेगळे आकडे. शेजारी शेजारी बसलेली माणसं, समुद्र एकच आणि उत्तरं निराळी. साहजिकच हसं होणार. त्यानंतर मायामी-डेड, ब्रॉवर्ड, पाम बीच आणि मन्रो या चार काउंट्यांनी करार केला. जानेवारी २०१० पर्यंत प्रत्येकीने तो आपापल्या सभेत मंजूर केला आणि २०११ मध्ये समुद्रपातळीचा एक सामाईक अंदाज काढला. वर कुठलं नवं सरकार बसलं नाही, कुणावर सक्ती नाही. ओहायोतल्या डिस्ट्रिक्टला मात्र जमीन घेण्याचे आणि आकारणीचे खरे अधिकार आहेत. म्हणजे किती अधिकार सोडायचा, हे त्या त्या लोकांनी ठरवायचं. ते ठरवायच्या बैठकीलाच जाऊ नका असं सांगणारा स्वायत्ततेची कसली काळजी करतोय?

'परकी टूम, पूर्वी नव्हती' यावर दोन वाक्यं पुरे. नेदरलँड्समध्ये पाणी-मंडळं तेराव्या शतकापासून आहेत, म्हणजे गावोगावच्या लोकांनी मिळून बांध राखायचे आणि खर्च वाटून घ्यायचा. तेव्हा हवामान बदल हा शब्दही नव्हता, फक्त पाणी होतं.

पाचवा मुद्दा बैठकांचा. इथे मी फॉरवर्डवाल्याशी भांडणार नाही. अशा संयुक्त समित्यांतून निघालेले जाडजूड आराखडे धूळ खात पडतात, हे खोटं नाही. निधी नाही, जबाबदार माणूस नाही, फक्त छापील मुखपृष्ठ. युरोपातल्या ऱ्हाइन नदीच्या काठावरच्या देशांचा आयोग १९५० पासून आहे, पण पुराचा कृती आराखडा यायला १९९३ आणि १९९५ चे पूर यावे लागले. तो १९९८ मध्ये आला. पण त्यात नुसते ठराव नव्हते. पूर येणार ही सूचना किती आधी मिळावी, याचा कालावधी २००५ पर्यंत दुप्पट करण्याचं उद्दिष्ट तारखेसकट लिहिलेलं होतं. तेव्हा पत्र लिहायचंच असेल तर 'समिती नको' असं कशाला लिहायचं? खर्च कोण किती करणार, वरच्यांना भरपाई किती आणि वरच्या गावातल्या पाणीपातळीचा आकडा खालच्या गावाला किती मिनिटांत मिळणार, हे तीन प्रश्न विचारा. मी आनंदाने सही करतो.

हे सगळं ग्रुपवर टाकलं नाही. काकांना एकट्यांना फक्त एक गणित पाठवलं: एका टाकीत दोन नळांनी पाणी येतं, एका मोरीने जातं. टाकीचा एक तृतीयांश भाग भिंत घालून बंद केला, नळ आणि मोरी आहेत तशाच ठेवल्या. टाकी ओसंडायला पूर्वीपेक्षा किती वेळ कमी लागेल, आणि ओसंडलेलं पाणी कुणाच्या अंगणात जाईल?

निळ्या खुणा दिसल्या. उत्तर अजून नाही. पत्र शुक्रवारी द्यायचंय.