सुई न टोचता मिळणारं यलो फीवरचं कार्ड

आज दुपारपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय, पोस्ट मोठी होणार आहे.

भाच्याला युगांडात कंपालाला नोकरी लागलीय, घरात सगळे खूश. कागदपत्रांसाठी आज त्याच्याबरोबर एका एजंटकडे गेले होते. यलो फीवरच्या लशीचा विषय निघाला (हा ताप आफ्रिकेत आहे, तिथे ये-जा करायला लस घेतल्याचं कार्ड लागतं) तर तो माणूस चहा पिता पिता सांगतो, "ताई, कुठे त्या सेंटरवर रांगेत उभं राहताय, कार्ड मी करून देतो, सुई टोचायचीपण गरज नाही." आणि माझा भाचा, शिकलासवरलेला इंजिनिअर मुलगा, म्हणतो, "मावशी, बरंच झालं की, सुट्टी वाचेल." मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिथून उठलो आणि रिक्षात दोघंही गप्प.

मला हे इतकं का लागलं ते सांगायचं तर माझ्या मामाबद्दल सांगायला पाहिजे. मामा बोटीवर होता, मालवाहू जहाजावर खलाशी, वर्ष वर्ष घरी नसायचा. एकदा नायजेरियात लागोसला साइन ऑफ करून, म्हणजे बोटीवरचं काम संपवून उतरून, विमानाने मुंबईला आला, मामी आणि आम्ही सगळी पोरं विमानतळावर, आजीने डबे करून दिलेले, आणि मामा बाहेर आलाच नाही. त्याच्या कार्डाची दहा वर्षं नुकतीच उलटून गेली होती आणि लस परत घ्यायची राहिली होती, म्हणून त्याला थेट क्वारंटाइनमध्ये नेला. सहा दिवस. मामी तिथेच रडायला लागली, मोठ्या मामाने कोणाकोणाला फोन केले, काही उपयोग झाला नाही. सगळे सरकारला शिव्या देत होते. फक्त मामा स्वतः कधी काही बोलला नाही त्याबद्दल.

खूप वर्षांनी मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "अगं, तो डास आपल्याकडे घरोघर आहे, फक्त ताप नाही. मी घेऊन आलो असतो तर?"

बास. एवढं एक वाक्य त्या बोटीवरच्या माणसाला कळत होतं आणि आपल्या शिकलेल्या पोरांना कळत नाही.

कारण खरंच तसंच आहे. डेंगीचा जो डास, एडिस इजिप्ती, कूलरमध्ये, ड्रममध्ये, टायरमध्ये अंडी घालणारा, तोच यलो फीवर पसरवतो. आपल्याकडे त्याची काय कमी आहे? आणि तरी भारतात यलो फीवर आजपर्यंत पसरलेला नाही. पनामाचा कालवा उघडायच्या आधीच इंग्रज सरकार घाबरलेलं होतं की आता जहाजं अमेरिकेकडून सरळ आशियात येतील, तेव्हा 1911 च्या सुमाराला एस. पी. जेम्स नावाच्या डॉक्टर अधिकाऱ्याला बंदराबंदरांत डासांची पाहणी करायला पाठवलं होतं. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ कोणी ना कोणी हा दरवाजा धरून उभं आहे. आणि आपण एजंटला पैसे देऊन तो उघडणार.

यलो फीवर म्हणजे साधा ताप वाटतो का लोकांना? बऱ्याच जणांचा जातो बरा होऊन, पण ज्यांचा बळावतो त्यांना कावीळ होते, रक्तस्राव होतो, काळी उलटी होते, आणि अशातले जवळजवळ निम्मे आठ-दहा दिवसांत जातात. औषध आजही नाही. फिलाडेल्फियात 1793 साली एका मोसमात 5000 च्या आसपास माणसं गेली, शहराच्या दहातला एक. त्यात मोठमोठ्या डॉक्टरांनी ठरवून टाकलं की काळ्या लोकांना हा रोग होत नाही, मग त्यांनाच शुश्रूषेला बोलावलं, ते बिचारे गेले, मेले, आणि साथ ओसरल्यावर त्यांच्यावरच आरोप झाले की तुम्ही जास्त पैसे उकळले, चोऱ्या केल्या. अ‍ॅबसलम जोन्स आणि रिचर्ड अ‍ॅलन या काळ्या समाजाच्या दोन पुढाऱ्यांना 1794 मध्ये पुस्तिका छापून त्याला उत्तर द्यावं लागलं. हे वाचलं तेव्हा मला दोन दिवस काही सुचत नव्हतं.

आणि क्यूबाचा कार्लोस फिनले! 1881 मध्ये हवानात उभं राहून सांगितलं या माणसाने की हा रोग डास पसरवतो, आणि डाससुद्धा नेमका ओळखला. वीस वर्षं लोक हसले त्याला. 1900 मध्ये अमेरिकन सैन्याचे डॉक्टर आले, त्यांनी फिनलेकडूनच डासांची अंडी घेतली, त्याच्याच म्हणण्याचा पुरावा उभा केला, आणि नाव कोणाचं झालं, वॉल्टर रीडचं. ठीक आहे, मान्य, प्रयोग रीडच्या टीमचे जास्त काटेकोर होते. पण राग येतोच.

त्या टीममधला जेसी लाझिअर, 34 वर्षांचा, 25 सप्टेंबर 1900 ला यलो फीवरने गेला. अमेरिकेत त्याच्या बायकोला नुकतंच बाळ झालं होतं, ते त्याने पाहिलंच नाही. नंतर त्याच्याच नावाने कँप लाझिअर उभारला. तिथे एका खोलीत रोग्यांचे घाण कपडे, चादरी, ओकारीने भरलेल्या उशा अंथरून माणसं वीस वीस रात्री झोपली, कोणालाच काही झालं नाही, तेव्हा कुठे लोकांना पटलं की कपड्यांतून रोग येत नाही. आणि डास चावून घ्यायला कोण पुढे आलं? काही अमेरिकन सैनिक आणि स्पेनहून नुकते आलेले गरीब मजूर. 100 डॉलरचं सोनं, आजारी पडलास तर आणखी 100. लेखी संमती घेतली होती, त्या काळात ती मोठी गोष्ट होती हे कबूल करते, पण उपाशी माणसाची संमती ती काय असणार.

क्लारा मास. नर्स. 25 वर्षांची. तिने पण पैशासाठी आणि कामासाठी डास चावून घेतला, एकदा हलका ताप येऊन वाचली, ऑगस्ट 1901 मध्ये परत चावून घेतला आणि दहा दिवसांत गेली. तिच्यानंतर हवानातले माणसांवरचे प्रयोग थांबले. 25 वर्षं म्हणजे माझ्या भाच्याएवढी हो.

(लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, पण विषय सोडत नाही.)

मग अमेरिकन सैन्यातल्याच डॉक्टर गोर्गसने हवानात घरोघरी पाण्याची पिंपं झाकायला लावली, तेल ओतलं, धुरी दिली, आणि 1901 संपता संपता शहरातला यलो फीवर गेला. पनामात त्याच्या आधी फ्रेंच लोक कालवा खणत होते, त्यांच्या दवाखान्यात खाटांच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचे, मुंग्या चढू नयेत म्हणून, आपल्या आजीच्या जाळीच्या कपाटाखाली असायच्या तशाच. त्याच वाट्यांत डास वाढायचे आणि रोगी बरे व्हायला येऊन मरायचे. कळत नसेल तेव्हा माणूस चांगलं करायला जाऊन मरतो, त्यांना दोष नाही देता येत. आपल्याला कळतंय ना पण?

लशीचं तर सगळ्यात मोठं. 1927 मध्ये आजच्या घानामधल्या क्पेवे गावात असिबी नावाचा 28 वर्षांचा माणूस तापाने पडला होता, त्याचं रक्त घेतलं, ते एका लालतोंड्या माकडाला टोचलं. आफ्रिकेतली माकडं यलो फीवरने फारशी आजारी पडत नाहीत, पण ही जात मूळची आपल्या इकडची, तिला हा रोग ठाऊकच नव्हता. माकड मेलं, असिबी वाचला, आणि विषाणू पहिल्यांदा हाती लागला. त्या कामातला संशोधक एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लागोसला यलो फीवरनेच मेला. पुढच्या मे महिन्यात आक्राला हिदेयो नोगुची, आणि त्याच्या मागोमाग काही दिवसांत विल्यम यंग. नोगुचीचा तर सिद्धांतच चुकीचा होता, एक भलताच जंतू त्याने पकडला होता, तो तपासायला गेला आणि ज्या तापाचा शोध घेत होता त्यानेच गेला.

असिबीच्या रक्तातला तोच विषाणू मॅक्स थायलरने न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत वाढवत वाढवत मवाळ केला, 1937 मध्ये 17डी लस तयार झाली, 1951 मध्ये त्याला नोबेल मिळालं. आज जगात कुठेही यलो फीवरची लस घ्या, ती त्या एका माणसाच्या रक्तातून आलेली आहे. थायलरला नोबेल मिळालं याचं वाईट नाही वाटत, पण असिबीचं नाव आपल्यातल्या किती जणांनी ऐकलंय? आणि मामाच्या दंडात हेच गेलं होतं ना! तो ते पिवळं कार्ड पासपोर्टच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवायचा, एलआयसीच्या कागदांपेक्षा जास्त जपायचा.

आता कोणीतरी कमेंटमध्ये येणार की दहा वर्षांचा नियम तर नंतर रद्दच केला, 2016 पासून एक डोस आयुष्यभर चालतो, म्हणजे तुझ्या मामाला उगीच डांबलं. हो, आजच्या नियमाने उगीचच. सेंटर कमी आहेत, तारीख मिळत नाही, हेही खरं. साठीच्या पुढच्यांना, अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना जपून द्यावी लागते, त्यासाठी डॉक्टर आहेत, सूट मिळायची रीतसर सोय आहे. यातल्या एकाही कारणाने खोटं कार्ड माफ होत नाही.

भाच्याला मी रात्री एक गोष्ट सांगितली. त्याचं विमान ज्या एंटेबेला उतरणार, तिथे 1936 मध्ये यलो फीवरची संशोधन संस्था काढली होती. तिथल्याच लोकांनी 1947 मध्ये झिका जंगलात माकड पिंजऱ्यात ठेवलं होतं, यलो फीवर शोधायला, आणि सापडला झिका. आणि आपल्या शेजारी, 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरायला लागली तेव्हा पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरची, आताच्या एनआयव्हीची, माणसं धावली, कारण पहिली शंका हीच होती की यलो फीवर आला की काय. तो नव्हता, गोचिडीतून येणारा माकडताप निघाला, जो पुढे आपल्या दोडामार्ग-बांद्यापर्यंत आला. दोडामार्गच्या काजूबागांत काम करणाऱ्यांना विचारा त्या तापाबद्दल. यलो फीवर असता तर जंगलापुरता राहिला नसता, डासांबरोबर शहरात शिरला असता. हे ऐकताना तो मोबाइल बघत नव्हता एवढं खरं.

2016 मध्ये अंगोलात साथ आली. तिथे काम करणारे लस न घेतलेले चिनी कामगार घरी परतले आणि 11 जण चीनमध्ये यलो फीवर घेऊन पोचले. आशियात पहिल्यांदाच. चीनच्या दक्षिण भागातही हा डास आहे, नशीब की पुढे पसरला नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काँगोतल्या किन्शासात लस पुरेना म्हणून एका डोसचे पाच भाग करून टोचले, 70 लाखांहून जास्त लोकांनी रांगा लावून तो पाचवा हिस्सा घेतला, उन्हात, पोरं कडेवर घेऊन. इथे अख्खा डोस मिळतोय आणि साहेबांना सुट्टी वाचवायचीय!

तुमच्या ओळखीत कोणी आफ्रिकेला किंवा दक्षिण अमेरिकेला जाणार असेल, बोटीवर कोणी असेल, तर सरकारमान्य सेंटरवरच पाठवा, निघायच्या निदान 10 दिवस आधी, कारण लस घेऊन 10 दिवस होईपर्यंत कार्ड लागू होत नाही. आणि कोणी "करून देतो" म्हणाला तर त्याचं तिथेच तोंड बंद करा, मी केलं तसं, मग दुकानातले सगळे बघत राहिले तरी चालेल.